मोबाईलवरील माहितीची शेतावर कसोटी

(भिवंडी येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. मला बहुधा भाताचे वाण, खताच्या मात्रा किंवा तणनियंत्रण यावर बोलण्यासाठी बोलावले जाते. आज मात्र संयोजकांनी वेगळा विषय दिला आहे. इंटरनेट, म्हणजे आपल्या मोबाईलवर येणारे माहितीचे जाळे, आणि त्याचा समाजावर होणारा परिणाम. या विषयावर निरनिराळ्या शास्त्रांचे अभ्यासक एकत्र येऊन संशोधन करीत आहेत. त्यातून शेतकऱ्याने काय घ्यावे, एवढेच मी सांगणार आहे.

जाळे आपल्या खाचरापर्यंत आले आहे

भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या वेळी ही शहरातील सुशिक्षितांची गोष्ट वाटत होती. आज आपण मुंबई-नाशिक महामार्गाने या मेळाव्याला आलात. माणकोली, दापोडा, वळ, पुर्णा, राहनाळ, काल्हेर या बाजूला नजर टाका. जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत. भिवंडीला गोदामे पूर्वीही होती. मुंबईची जकात टाळण्यासाठी व्यापारी माल येथे ठेवीत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि ती जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. मुंबई-ठाण्यातील माणूस मोबाईलवर बोट ठेवून जो माल मागवतो, त्यातील पुष्कळ माल येथूनच निघतो. तेव्हा या जाळ्याचा परिणाम आपल्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. तो आपल्या सातबाऱ्यावर दिसतो. कोणाची जमीन गेली, कोणाला भाडे मिळाले, कोणाचा मुलगा गोदामात कामाला लागला. गावागावांत या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत.

राहिलेल्या जमिनीवर जे आजही भात करतात, त्यांच्या हातातही तोच मोबाईल आहे. त्यावर बाजारभाव येतो, हवामानाचा अंदाज येतो, फवारणीचा सल्ला येतो. या माहितीचा फायदा होतो का आणि केव्हा होतो, हा आजचा मुख्य प्रश्न आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी शेतकऱ्यांच्या एका गटाला मोबाईलवरून तणनाशकाची माहिती पाठवली होती. आवणी झालेल्या शेतात तीन ते पाच दिवसांच्या आत, खाचरात थोडे पाणी ठेवून प्रेटिलाक्लोर वापरावे, असा तो मजकूर होता. शिफारस बरोबर होती. पण तो मजकूर एका गटातून दुसऱ्या गटात जाताना कोणीतरी वरची ओळ गाळली. ‘आवणी झालेल्या शेतासाठी’ हे शब्द गेले, औषधाचे नाव आणि मात्रा तेवढी राहिली.

एका शेतकरी बंधूंनी ते औषध पेरलेल्या रोपवाटिकेत वापरले. साधे प्रेटिलाक्लोर उगवणाऱ्या भातालाही मारक ठरते. रोपवाटिकेत वा पेरभातात वापरायचे तर बियाण्याला संरक्षण देणारा घटक मिसळलेले वेगळे औषध घ्यावे लागते. चार गुंठ्यांतील रोप बसले. म्हणजे एका एकराची आवणी गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उरलेसुरले रोप गोळा करून त्यांनी उशिराने आवणी केली, आणि उत्पन्नही तसेच आले.

मी त्यांच्या बांधावर गेलो तेव्हा त्यांनी मला बोल लावला नाही. “साहेब, तुमचंच नाव होतं ना खाली, म्हणून मारलं,” एवढेच म्हणाले. दोष कापणाऱ्याचा होता, तसा माझाही होता. ‘रोपवाटिकेत वापरू नये’ हे वाक्य मी लिहायला हवे होते. माझ्या वहीत ती शिफारस अचूक होती. माणसांच्या हातून फिरत ती शेतावर पोहोचली तेव्हा तिचे काय झाले, हा वेगळाच विषय आहे हे मला त्या दिवशी कळले.

या विषयाचे संशोधन

नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास जगभर चालू आहे. ज्याला आपण ‘वेब’ म्हणतो त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ साली मांडली. २००६ साली अमेरिकेतील एमआयटी आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठ यांनी ‘वेब सायन्स’ या नावाने संयुक्त संशोधन सुरू केले. त्यांचे म्हणणे असे की, हे जाळे यंत्रांचे असले तरी ते वापरतात माणसे. म्हणून संगणकशास्त्राबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा आणि मानसशास्त्र यांची जोड दिल्याशिवाय त्याचे परिणाम कळणार नाहीत.

आपल्याला हे नवे नाही. भातावर करपा आला तर एकट्या रोगशास्त्रज्ञाने भागत नाही. वाण, नत्राची मात्रा, हवामान, पाणी, सगळेच पाहावे लागते.

वारणेचा अनुभव

आपल्या महाराष्ट्रात याचा एक मोठा प्रयोग झाला. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे बसवली गेली. शेतकऱ्याला त्यावर जगभरची माहिती मिळावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो साखर कारखान्याच्या कामासाठी. उसाची नोंद, तोडणी, वजन, खताचा हिशेब ही ती कामे.

पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने हेच काम करून पाहिले. सर्व कामे तशीच झाली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही ती पद्धत अधिक सोयीची वाटली. आपल्या उसाचे वजन किती भरले, हे शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवर पाहता येऊ लागले. यातून शिकण्यासारखे हे की, साधन महाग किंवा साधे असण्यापेक्षा शेतकऱ्याला त्या दिवशी हवी असलेली माहिती त्यातून मिळते का, याला महत्त्व आहे.

शंभर गावांतील चाचणी

वाणाची चाचणी आपण कशी घेतो? नवा वाण एका वाफ्यात आणि जुना शेजारच्या वाफ्यात. कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हणजे चांगली जमीन लाडक्या वाणाला जात नाही. ही पद्धत रोनाल्ड फिशर या शास्त्रज्ञाने १९२० नंतर इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात बसवली. शेतीतील ही पद्धत आज अर्थशास्त्रज्ञ गावांवर वापरतात.

२००७ साली महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. वर्गणी भरली की मोबाईलवर बाजारभाव, हवामान आणि पीक सल्ला येई. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तिची चाचणी घेतली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन ही पिके घेणारे शेतकरी त्यात होते. कोणाला सेवा द्यायची हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवले आणि बाकीचे तुलनेसाठी ठेवले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांनी सांगितले की, या माहितीवरून आम्ही काही निर्णय घेतले. काहींनी बाजार बदलला, काहींनी मालाची प्रतवारी केली. पण हा फरक थोडा होता. हातात पडलेला भाव सरासरीने वाढल्याचे दिसले नाही. पावसाने होणारे नुकसानही लक्षणीय कमी झाले नाही.

केरळ व मध्य प्रदेशात फरक का पडला?

याउलट केरळमध्ये १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाईल आले तेव्हाचा रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास पाहा. पूर्वी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकून द्यावे लागत, तर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात माशांचा तुटवडा असे. मोबाईल आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारून बोट कोठे न्यायची ते ठरवू लागले. नासाडी थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाईकालाही मासे सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाले.

मध्य प्रदेशात २००० सालापासून एका कंपनीने सोयाबीन उत्पादकांसाठी गावात संगणक केंद्रे काढली. अपराजिता गोयल यांच्या अभ्यासानुसार तेथील बाजारात सोयाबीनचा भाव साधारण १ ते ३ टक्क्यांनी वाढला. तेथे कंपनी नुसता भाव सांगत नव्हती, स्वतः माल विकतही घेत होती. मंडीतील व्यापाऱ्याला नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता.

या तिन्ही अभ्यासांवरून माझे मत असे बनले आहे की, भाव कळल्यावर आपल्याला काही वेगळे करता येत असेल तरच त्या माहितीचा पैसा होतो. कोळ्याला बोट वळवता येत होती. मध्य प्रदेशातील शेतकऱ्याला दुसरा खरेदीदार मिळाला होता. ज्याने पेरणीलाच व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, ज्याच्याकडे भात ठेवायला जागा नाही किंवा ज्याचा माल एका टेम्पोलाही पुरत नाही, त्याला दुसऱ्या बाजारचा चढा भाव कळून हळहळण्यापलीकडे काय करता येणार?

वाहतुकीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, गावात भाताला क्विंटलला २,२०० रुपये मिळतात आणि मोबाईलवर लांबच्या बाजारचा भाव २,३०० दिसतो. आपल्याकडे १० क्विंटल भात आहे. जादा मिळणार १,००० रुपये. टेम्पोचे जादा भाडे १,२०० रुपये धरले तर २०० रुपयांचा तोटाच झाला. पण तिघा शेजाऱ्यांनी मिळून ३० क्विंटल भरले, तर ३,००० रुपयांतून भाडे वजा जाता १,८०० रुपये उरतात. मोबाईलवर दिसलेला भाव तोच आहे. फायदा झाला तो एकत्र आल्यामुळे.

दोन्ही भावांशेजारी हमीभावही लिहून ठेवावा. २०२५-२६ च्या खरीप पणन हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. आपले भात खरेदी केंद्रावर बसत असेल तर आधी तो मार्ग पाहावा. तेथे सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, आणि २०२१ पासून ही नोंद ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत आली आहे. ज्यांच्या घरात असा मोबाईल नाही, त्या वृद्ध किंवा एकट्या भगिनींची नोंद गावातील तरुणांनी मुदतीत करून द्यावी. जाळ्यामुळे कोणी मागे राहू नये, हे आपल्याच हातात आहे.

आपण काय करावे?

१) कोणताही सल्ला वापरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. कोणी दिला, कोणत्या तारखेला, कोणत्या भागासाठी आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेसाठी. यांपैकी एक जरी नसेल तरी फवारणी थांबवावी आणि सहायक कृषी अधिकारी किंवा विद्यापीठाच्या केंद्राला विचारावे.

२) नवा सल्ला सर्व शेतावर एकदम वापरू नये. एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावा आणि शेजारचा तेवढाच तुकडा तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीने ठेवावा.

३) एक वही ठेवावी. मोबाईलवर दिसलेला भाव, प्रत्यक्ष मिळालेला भाव, हमाली, तोलाई, भाडे आणि हातात पडलेली रक्कम तारखेसह लिहावी. दोन हंगामांनंतर कोणती सेवा उपयोगी आहे हे वहीच सांगेल.

४) वाहतूक, साठवण आणि विक्री गटाने करावी. ठाणे, कल्याण, मुंबई ही गिऱ्हाईकांची मोठी वस्ती आपल्या दाराशी आहे. भात भरडून, स्वच्छ करून तांदूळ थेट घराघरांत विकण्यासाठी मोबाईलचा उपयोग होऊ शकतो. तेथे आपण स्वतः नवा खरेदीदार शोधत असतो.

५) घरात आवणी आणि निंदणी भगिनी करतात, पण मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. आलेला सल्ला घरात मोठ्याने वाचून दाखवावा. काम करणारीला कळला तरच तो शेतात नीट उतरेल.

६) दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवताना त्यातील एकही ओळ कापू नये.

शेवटी एवढेच सांगतो. रोप गेलेल्या त्या बंधूंकडे पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो. त्यांनी मोबाईलवरचे सल्ले वाचणे सोडलेले नव्हते. मात्र रोपवाटिकेच्या कडेला हातभर जागा दोरी लावून वेगळी ठेवली होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, “काय नवं मारायचं ते आधी इथं.” विद्यापीठात आम्ही जे करतो तेच त्यांनी आपल्या बांधावर केले होते. आपणही तसे करावे आणि जे दिसेल ते आम्हाला कळवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.