चादरीवरचं गाव



स्वदेशीचा उपदेश सोलापूरला करावा, अशी सोलापूरची गरज नाही. 1930 च्या मे महिन्यात स्वातंत्र्यलढ्यापायी या शहराने मार्शल लॉ सोसला. 12 जानेवारी 1931 ला या लढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. म्हणून ‘देशी माल घ्या’ एवढंच सांगून मी खाली बसणार नाही. माझं म्हणणं असं की, माल देशी असणं ही नीतीची पहिली पायरीसुद्धा नव्हे. पहिली पायरी म्हणजे त्यावर लिहिलेलं खरं असणं.

याचा दाखला तुमच्या घरातच अंथरलेला आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही पानिपतसारख्या ठिकाणी विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून खपवल्या जातात, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. आता गंमत बघा. तशा चादरीवर ‘मेड इन इंडिया’ छापलं तर ते शब्दशः खरं. वेष्टित वस्तूंच्या नियमांनी आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांवरही ते बंधन घातलं. पण या चादरीने सीमाच ओलांडलेली नाही, तेव्हा तिथे हे नियम काय करणार? गिऱ्हाईक स्वदेशीच घेतं आणि तरी फसतं. ज्या मागवाल्याचं नाव विकलं गेलं, त्याच्या हाती मात्र दमडी येत नाही. खोटं भौगोलिक नाव लावणाऱ्याला भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, पण दुकानात विचारणाराच नसेल तर तक्रार करणार कोण?

कुणी म्हणेल, पानिपतचा विणकर परका आहे का? मुळीच नाही. त्याने आपली चादर पानिपतच्या नावाने विकावी, चांगली असेल तर मीही घेईन. शिवाय सोलापूरचं नाव हा रक्ताचा वारसाही नाही. या धंद्याचा कणा असलेले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले आणि 1877 मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ सुरू झाली त्या काळात गिरण्यांची यंत्रं लँकशायरहून येत. कौशल्य बाहेरून आलं, इथे रुजलं आणि पिढ्यांच्या कामाने या गावाचं झालं. नाव कमवावं लागतं, म्हणून तर त्याची चोरी होते. नाव कसं कमवलं जातं ते बघा: एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी जर्मन माल हलका ठरावा म्हणून त्यावर देशाचं नाव छापायला लावलं. जर्मनांनी माल इतका सुधारला की ‘मेड इन जर्मनी’ हीच खात्री ठरली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत, त्याने नीती बघावी की किंमत? त्याने किंमतच बघावी, त्यात पाप नाही. पण स्वस्त नक्कल ‘सोलापुरी’ म्हणून विकली गेली, तर त्या गरिबाला आपण काय घेतोय हेही कळत नाही. खरं लेबल त्याच्याच निवडीचं रक्षण करतं. आणि तिसरी गोष्ट आपल्याच शहराला उद्देशून. ‘सोलापुरी’ म्हटलं की सगळं पवित्र, असं मानू नका. अस्सल चादर विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराला मजुरी किती, सुट्टी किती, गोंगाट आणि कापसाच्या धुळीपासून संरक्षण किती, हे मानांकनाच्या चिन्हात दिसत नाही. गावाच्या नावाचा अभिमान हवा असेल तर हे प्रश्नही आपणच विचारायला हवेत.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण व्यापारात जातील, काही कारखान्यात, काही सरकारी खरेदीच्या टेबलावर बसतील. तिथे ‘स्वदेशी’ हा शिक्का बघून कागद पुढे सरकवू नका. माल कुठे विणला, सूत कुठलं, नाव वापरण्याची नोंदणी आहे का, हे विचारा. आणि स्वतः माल विकाल तेव्हा हीच उत्तरं पाकिटावर ठळक अक्षरांत छापा.