कान गेले, तेव्हा देव कुठे होता?

 

आवाज थोडा चढा लागेल, राग मानू नका. तोफखान्यात 26 वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज नीट कळत नाही. आमच्या घरच्या मंडळी समोर बसल्या आहेत. मी फार ओरडू लागलो की त्या हात खाली करतात.

सैन्यात ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते आणि श्रेणी ठरते. तिला आम्ही 'शेप' म्हणतो. त्यातला 'एच' म्हणजे कान. रेजिमेंटची कमांड हाती येण्याची वेळ आली आणि नेमका त्याच वर्षी माझा एच घसरला. कमांड दुसऱ्याला गेली. योग्य माणसाला गेली, पण ते कळायला मला फार वर्षे लागली. मला कार्यालयात खुर्ची मिळाली. समोर फायली.

त्या आठवड्यात मंडळीतले एक वडीलधारे बांधव भेटायला आले. चहा घेता घेता त्यांनी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन म्हणून दाखवले. ते वचन मला लहानपणापासून पाठ आहे, तुम्हालाही असेल. पण त्या संध्याकाळी ते दगडासारखे लागले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही. वचन खोटे नव्हते. पण पौलाने ते लिहिले फटके खाऊन, तुरुंग पाहून. आपण ते बिस्किटाबरोबर देतो.

प्रार्थना करीत होतो, पण खरे सांगायचे तर ती तक्रारच होती.

पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले. शाळेत वाचले होते, पण एक गोष्ट ध्यानातच राहिली नव्हती. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेलेले. 1882 मध्ये पती वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की इथल्या बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात. नुसते मांडून थांबल्या नाहीत. डॉक्टर व्हायचे म्हणून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. आणि ते जमले नाही. कारण, ऐकू कमी येत होते.

मी पुस्तक मिटून बसलो. त्यांचाही एच घसरला होता!

पुढचे तुम्हाला माहीत आहे. तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या शिकवू लागल्या, अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिले, मदत उभी केली. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. मग दुष्काळातल्या शेकडो मुलींसाठी केडगावचे मुक्ती मिशन. शेवटी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर, आणि ते छापायला मुक्तीचाच छापखाना. भाषांतराला कान लागत नाहीत, हे मनात आले आणि बऱ्याच दिवसांनी मी हसलो.

मी काही रमाबाई नव्हे. माझ्या टेबलावर पेन्शनची अडलेली प्रकरणे येत. एकदा एका जवानाची विधवा आली. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालीच नव्हती, म्हणून कागदोपत्री ती त्याची बायकोच नव्हती. ती हळू आवाजात बोलायची. मला ऐकू येईना. मी खुर्ची तिच्याजवळ नेली, ओठांकडे बघत राहिलो, पुन्हा पुन्हा विचारले. तासभर गेला. आधीच्या खिडक्यांवर तिचे अर्धेच ऐकून तिला परत पाठवले होते. ऐकू येणारी माणसे होती ती. लग्न कोणत्या गावी झाले, कोणत्या पाळकांनी लावले, दाखला कुठे मिळेल, सगळे तिच्याकडेच होते. आठ महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. त्या दिवशी गुडघे टेकले, तेव्हा तक्रार आठवली नाही.

म्हणून देवाने माझे कान नेले का? तसे मी म्हणणार नाही. कान तोफांनी नेले, आणि कापसाचे बोळे घालायचा आळस माझा. देवाने उरलेला माणूस वापरला, एवढे मी साक्षीने सांगू शकतो. रमाबाईंचेच बघा. ज्या मनोरमेवर पुढचे काम सोपवायचे, ती 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली. दुसऱ्या वर्षी त्या स्वतः गेल्या. त्या मृत्यूचा हेतू मला कोणी समजावू लागला, तर मी खोलीतून उठून जाईन.

ते वडीलधारे बांधव मला बारा वर्षांनी पुन्हा भेटले. त्यांचा तरुण मुलगा वारला होता. मी कोणतेही वचन म्हटले नाही. त्यांचा आवाज खूप बारीक झाला होता, म्हणून खुर्ची जवळ ओढली. दिवेलागणीपर्यंत ते बोलत होते.