भाजीचा माठ : एक घरगुती रचना



अन्नाची नासाडी म्हटली की ताटातले उष्टे आठवते. पण कष्टकऱ्यांच्या घरी ताटात उरते कुठे? नासते ती आठवडी बाजारातून आणलेली भाजी. रविवारची मेथी मंगळवारी पिवळी पडते.

उत्तर नायजेरियातील कुंभार घराण्यातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी यावर साधा उपाय काढला. मोठ्या मडक्यात लहान मडके, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओले फडके. एरवी 3 दिवसांत खराब होणारी वांगी त्यात 27 दिवस टिकल्याचे त्यांना आढळले. भाजी रोज विकण्याची घाई उरली नाही, तेव्हा फेरीला जाणाऱ्या मुलींना शाळेसाठी वेळ मिळू लागला. 2000 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्कारापेक्षा त्या मुलींचे मोल अधिक वाटते.

यामागचे शास्त्र आपल्या माठाचेच. 1 ग्रॅम पाणी सुकताना सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून घेते. म्हणून बाहेरचे मडके चकाकीचे नको. त्याची छिद्रे मोकळी हवीत. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम चालेल. कोकणात, पावसाळ्यात मात्र फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगितलेले बरे. दूध-मटण टिकेल इतका गारवाही यात येत नाही.

आता खरा प्रश्न पाण्याचा. वाळू दिवसातून दोनदा भिजवावी लागते. जिथे आई-बहिणी लांबून हंडा आणतात, तिथे भाजीसाठी पिण्याचे पाणी ओता असे सांगणे आम्हाला मान्य नाही. म्हणून आमच्या आराखड्यात मधल्या फटीवर फडक्याची गाळणी आहे. भाजी धुतलेले पाणी तिच्यावर ओतायचे. माती वर राहते, पाणी वाळूत उतरते. तांदळाचे धुवण नको, ते आंबून वास येतो. साबणाचे किंवा खारट पाणी नको, त्याने छिद्रे बुजतात. वाळू अधूनमधून धुऊन उन्हात टाकावी. मडके चुलीपासून दूर, सावलीत, वारा लागेल असे तीन विटांवर ठेवावे.

एक अडचण राहतेच. ओल्या वाळूने मडके फार जड होते आणि एका खोलीच्या घरात ते हलवणार कोण? आकार लहान केला तर गड्डी मावत नाही. विद्यार्थ्यांनी कुंभाराकडे जाण्यापूर्वी आपापल्या घरी आठवड्याची भाजी मोजावी आणि मडके कुठे ठेवायचे ते आईला विचारावे. माप त्यावरूनच ठरेल.