औषध, रोगी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलायला सांगितले आहे ते औषधांविषयी. मी परिचारिका म्हणून आयुष्य काढले, तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला यावा हे साहजिकच आहे. पण डॉक्टर औषध लिहून देऊन निघून जातात, आणि ते वेळेवर देणे, रोगी काय बोलतो, कसा झोपतो, काय खातो हे पाहणे घरातल्या बाईकडे येते. म्हणून हा विषय जितका माझा, तितकाच तुमचाही आहे.

एक साधी गोष्ट आपण विसरतो. डोकेदुखीची गोळी डोक्यात जात नाही आणि गुडघ्याची गोळी गुडघ्यात जात नाही. गोळी पोटात जाते, तेथून रक्तात, आणि रक्ताबरोबर सर्वांगाला फिरून येते. सर्पगंधेचे उदाहरण पाहा. ही आपल्या देशातली जुनी वनस्पती. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, हिचे मूळ वेडावरही चालते आणि वाढलेल्या रक्तदाबावरही. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याने रक्तदाब उतरे. पण हे औषध घेणारे काही रोगी उदास होतात, अशीही नोंद डॉक्टरांनी केली. औषध दिले होते रक्तदाबासाठी, आणि बदल दिसला मनात! आज रेसर्पिन क्वचितच देतात, पण त्याने शिकवलेला धडा जुना झालेला नाही.

आता घरचीच गोष्ट सांगते. सांगताना आजही संकोच वाटतो, कारण चूक माझी होती.

माझ्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. झोपेसाठी त्या डायझेपामची गोळी बरीच वर्षे घेत. एकदा त्यांना सर्दी झाली. मी दुकानातून सर्दीची नेहमीची गोळी आणली आणि दिवसातून तीनदा दिली. डॉक्टरांना विचारण्याची गरज मला वाटली नाही. मी परिचारिका ना! तिसऱ्या रात्री सासूबाई उठून बसल्या आणि कधीच्या वारलेल्या आपल्या भावाला हाका मारू लागल्या. मला त्यांनी ओळखले नाही. हाताने चादरीवरचे नसलेले काहीतरी वेचीत होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वय झालं, आता असंच चालायचं." मलाही क्षणभर तसेच वाटले.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा. "घरातली सगळी औषधे माझ्यापुढे मांडा," म्हणाले. सर्दीची गोळी पाहताच त्यांनी सासूबाईंचे पोट तपासले. लघवी आदल्या दिवसापासून तुंबली होती. तोंड कोरडे ठणठणीत होते. नळी घालून लघवी काढली आणि ती गोळी बंद केली. झोपेची गोळी मात्र त्यांनी एकदम बंद केली नाही, पुढे काही आठवडे हळूहळू कमी केली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली आणि चहात साखर कमी का, म्हणून विचारले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

झाले होते ते असे. आपल्या मज्जातंतूंत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य निरोप पोचवण्याचे काम करते. मेंदूत ते लक्ष व स्मरण यांना लागते, मूत्राशयाला आकुंचनासाठी लागते, तोंडाला लाळेसाठी लागते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन नाक कोरडे करते, आणि त्याच वेळी या द्रव्याची वाट सगळीकडेच अडवते. तरुण माणसाला नुसती गुंगी येते; म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. त्यात झोपेच्या गोळीची भर. उतारवयात यकृत व मूत्रपिंड मंदावतात, शरीरात चरबीचे प्रमाण वाढते, आणि औषध रेंगाळते. डायझेपाम निम्मे उतरायला विशीतल्या माणसात सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात सुमारे ९० तास. म्हणजे कालची गोळी उतरण्याआधीच आजची पोटात जाते.

यातून एक खूण लक्षात ठेवा. म्हातारपणाचा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. माणूस दोन-तीन दिवसांत बदलला, तर ते म्हातारपण नव्हे. ताप आहे का, लघवी होते का, आणि नवे औषध कोणते सुरू झाले, हे पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट उपासाची. मधुमेहाचा रोगी इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही गोळी घेतो आणि एकादशीला जेवत नाही. औषध आपले काम करीतच राहते. मेंदूचे मुख्य इंधन साखर. ती उतरली की घाम सुटतो, हात कापतात, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. घरातले म्हणतात, "उपासानं पित्त झालं!" अशा वेळी रोगी शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, आणि बरे वाटताच खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि उपास धरण्यापूर्वी औषधाचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. देव त्यासाठी रागावणार नाही.

हे ऐकून कोणी घरी जाऊन औषधे फेकून देऊ नका! फिटची, झोपेची किंवा बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी एकाएकी थांबवणे हे ती जास्त देण्याइतकेच घातक ठरू शकते. बदल करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्याने. तुम्ही एवढेच करा : रोग्याच्या सर्व औषधांची एक यादी वहीत लिहा, तीत काढे, चूर्णे आणि दुकानातून आणलेल्या गोळ्याही येऊ द्या. नवे औषध कोणत्या तारखेला सुरू केले, ते लिहा. ती वही प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्याला लागू पडलेली गोळी शेजारणीला देऊ नका, माया कितीही असली तरी.

आपण घरात किराण्याचा, दुधाचा, धोब्याचा हिशेब पैपैने ठेवतो. त्याच वहीत औषधांसाठी एक पान राखून ठेवा. माझ्या घरी ते पान असते, तर सासूबाईंच्या त्या रात्री टळल्या असत्या.