शर्यतीची गाडी आणि तिचे ब्रेक

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर आणि कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते, एवढाच त्या गावाशी माझा परिचय; तोही पुस्तकी. पुढे माझी बहीण तेथे राहावयास गेली आणि होसकोटे हे भाच्याचे गाव झाले. जुन्या मद्रास रस्त्यावरचे हे गाव आता मोटारींचेच म्हटले पाहिजे. व्होल्व्होच्या मालमोटारींचा कारखाना तेथे १९९८ साली निघाला, आणि रस्त्यावरची अवजड वाहनांची रीघ तर कधी तुटत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलास मोटारीचे वेड लागले, तर त्यात नवल ते काय?

वर्षातून दोनतीनदा तो आपली रोजच्या वापरातली गाडी घेऊन, अडीचशेहून अधिक किलोमीटर तुडवीत, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील शर्यतीच्या मार्गावर जातो. पूर्वी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. १९९० पासून हा सुमारे पावणेचार किलोमीटरांचा खास बांधलेला मार्ग त्यांस लाभला. एकदा हौसेने मीही बरोबर गेलो. चौथ्या की पाचव्या फेरीत भाच्याची गाडी वळण सोडून सरळ मातीत शिरली. सुदैवाने गाडीला वा त्याला काही झाले नाही. पण परतला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. “मामा, सारे बळ लावून ब्रेक दाबला, पण गाडी थांबेचना!”

तेथल्या एका वृद्ध मेस्त्रीने त्याला एकच प्रश्न विचारला : “पेडल कडक होते की मऊ?” हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर नळीतले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले असे समजावे. साधारण प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू दोनशे पाच अंशांच्या आसपास असतो, आणि हवेतील ओल शोषून जुने झालेले ऑइल एकशे चाळीसलाही उकळू शकते. उलट पेडल दगडासारखे कडक असून गाडी थांबत नसेल, तर दोष पॅडचा. अतितापाने पॅडमधील राळ जळू लागते, तिचे वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरतात आणि घर्षणच नाहीसे होते. भाच्याचे पेडल कडक होते.

ही उष्णता किती असते, याचा हिशेब मी त्या रात्री मांडून पाहिला. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी १४४ किलोमीटर वेगावरून ७२ वर आणावयाची, तर सात लक्ष वीस हजार जूल ऊर्जा ब्रेकांनी गिळावी लागते. एवढ्या उष्णतेने साधे अडीच लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे घडते अवघ्या अडीचतीन सेकंदांत, प्रत्येक मोठ्या वळणापाशी. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकतो आणि गाडी चालविताना विसरतो.

घर्षणाचा हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड याने घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकांना जुन्या बुटांचे तुकडे लावलेले पाहिले आणि त्यातून ‘फेरोडो’ हा धंदा उभा केला. १९५३ साली ल मांची शर्यत जॅग्वारने जिंकली, तीत डिस्क ब्रेकांचा मोठा वाटा होता.

भाच्याने मात्र पुढे एक चूक केली. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने अस्सल शर्यतीचे पॅड आणून बसविले. सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, असा त्याचा समज. साधे पॅड तीनचारशे अंशांपर्यंत धीर धरतात; शर्यतीचे सहाशे-सातशेलाही डगमगत नाहीत. पण त्यांना काम करावयास मुळात उष्णता लागते. थंड असताना ते पकडच घेत नाहीत. थंडीतल्या सकाळी, होसकोट्याच्या बाजारपेठेत, दप्तर घेतलेली एक मुलगी रस्ता ओलांडीत होती. गाडी थांबली, पण नेहमीपेक्षा दीड हात पुढे जाऊन. माझी बहीण शेजारी बसली होती. त्या मुलीने मागे वळूनही पाहिले नाही. बहीण मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तेव्हा निवड करताना ‘कोणता पॅड उत्तम’ असे विचारूच नये. गाडीचे वजन किती, टायर कोणते, फेऱ्या किती, आणि गाडी त्याच पॅडवर घरी न्यावयाची की नाही, हे विचारावे. टायरची पकड साधी असेल तर उग्र पॅड घेऊन चाके लवकर अडकतील, एवढेच. पुढच्या चाकांवर भार अधिक येतो. म्हणून केवळ मागे तीव्र पॅड लावणे म्हणजे गाडी गरकन फिरण्यास निमंत्रण देणे होय. नवीन पॅड बसविल्यावर मध्यम वेगावरून वारंवार ब्रेक दाबून, आणि मग थंड होऊ देऊन, पॅडच्या द्रव्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढवावा लागतो. नवशिके हे टाळतात. पहिल्याच फेरीत फसतात. मी स्वतः नवशिक्यास इतकेच सांगेन, की आधी ताजे आणि वरच्या प्रतीचे ब्रेक ऑइल भरा, मधल्या प्रतीचे पॅड घ्या, दोनचार फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश काढून ब्रेकांना हवा लागू द्या, आणि तापलेली गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका.

भाचा आता पॅडांचे दोन संच बाळगतो, आणि डिस्काही दोन. मार्गावर पोहोचल्यावर जॅक लावून पुढची चाके काढतो, बदल करतो आणि निघण्यापूर्वी पुन्हा घरचा संच चढवितो. तासदीड तास मोडतो, हात काळे होतात. माझी बहीण अजून गाडीत बसण्यापूर्वी दार धरून विचारते, “आज कोणते लावलेत रे?”