जुना कॅमेरा निवडताना

परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, प्रकल्पासाठी फिल्मचा कॅमेरा कोणता घेऊ?" हातात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री! डबा मोठा गोंडस, १२० च्या फिल्मवर १२ चित्रे देतो. पण वेग एकच, मग शिकणार काय? माझे मत पेंटॅक्स के १००० ला. तो १९७६ ते १९९७ पर्यंत निघत होता. बॅटरी संपली तरी केवळ प्रकाशमापक झोपतो, चित्र घेता येते. मापकाला बंद करायची कळ नाही, म्हणून भिंगावर टोपण हवेच. घेण्यापूर्वी मात्र भिंग उजेडाकडे धरून बुरशी पाहा (कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते हो!) आणि एक सेकंदाचा वेग लावून कान द्या. अडखळला, तर दुरुस्तीचे काय पडेल ते आधी विचारा. फिल्म आणि ती धुण्याचा खर्च पुढे आहेच.