वावडे, केसपेपर आणि खरी माहिती

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या जमाखर्चाचा ताळेबंद याच अहवालात छापलेला असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. आज मला केसपेपरवरील एका लहानशा रकान्याविषयी बोलावयाचे आहे. 'अ‍ॅलर्जी असल्यास' असे त्यावर छापलेले असते आणि बहुधा त्यापुढे 'नाही' एवढाच शब्द लिहिला जातो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु वहीतील शून्य आणि वहीतील न भरलेली जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी हिशेब शिकताना शिकलो. या रकान्यातील 'नाही' पुष्कळदा शून्य नसते. ती केवळ न विचारलेली, न भरलेली जागा असते.

उदाहरणादाखल मी गोमांसाच्या वावड्याचा विषय निवडला आहे. येथे उपस्थित असलेल्या अनेकांची मुले, सुना, नातवंडे अमेरिकेत आहेत. तेथे हे मांस रोजच्या जेवणात असते. कुरणात केवळ गवतावर वाढलेल्या गुरांचे मांस 'नैसर्गिक' म्हणून अधिक किमतीला विकले जाते आणि ज्याला साधे मांस सोसत नाही त्याला ते सोसेल, अशी समजूतही आढळते. ही समजूत का धोक्याची आहे, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

'सोसत नाही' या दोन शब्दांत निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे न पचणे. चरबीयुक्त जेवणाने पोट जड होते. त्रास होतो, पण जीवावर बेतत नाही. दुसरी म्हणजे मांसातील प्रथिनाची खरी अ‍ॅलर्जी. गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन मांसातही असते आणि दुधातही असते. म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही बालकांना या मांसाचाही त्रास होतो. अशी अ‍ॅलर्जी बहुधा जेवणानंतर लवकरच प्रकट होते. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास लागतो.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण आहे. कर्करोगावरील सेटुक्सिमॅब या औषधाची पहिलीच मात्रा घेताना अमेरिकेतील काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होऊ लागली. टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील रुग्णांत हे प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत आढळले. ईशान्येकडील राज्यांत मात्र ते अत्यल्प होते. व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचे कारण प्रसिद्ध केले. त्या औषधात 'अल्फा-गॅल' नावाची एक शर्करा होती आणि या रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासूनच तयार होती. हीच शर्करा गाय, म्हैस, मेंढी, बकरी, डुक्कर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात असते. मनुष्यात, पक्ष्यांत आणि माशांत ती नसते. पुढे २००९ मध्ये याच संशोधकांनी मांस खाल्ल्यानंतर काही तासांनी होणाऱ्या अ‍ॅलर्जीशी तिचा संबंध दाखवून दिला.

ही प्रतिपिंडे येतात कोठून? गोचिडीच्या चाव्यातून! अमेरिकेत 'लोन स्टार' नावाची गोचीड यास मुख्यतः कारणीभूत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रुग्णांवरून डॉ. शेरिल व्हॅन नुनेन यांनीही गोचीड आणि मांसाची अ‍ॅलर्जी यांचा संबंध त्याच सुमारास मांडला होता. स्वतः डॉ. प्लॅट्स-मिल्स यांना डोंगरात भटकंती करताना गोचिडी चावल्या आणि काही महिन्यांनी मेंढीचे मांस खाल्ल्यावर मध्यरात्री त्यांच्या अंगावर पित्त उठले.

या रोगात जेवण आणि त्रास यांमध्ये दोन ते सहा तासांचे अंतर असते. रात्री नऊला जेवलेला मनुष्य पहाटे तीनला अंग खाजत, धाप लागत उठतो. कित्येकांना केवळ पोटात कळा, उलट्या आणि जुलाब होतात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर नावे एका पानावर आणि जमा दुसऱ्या पानावर, तीही दुसऱ्या दिवसाच्या तारखेत. असा हिशेब जुळणार कसा? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४२ टक्के वैद्यकीय व्यावसायिकांनी या रोगाचे नावही ऐकलेले नव्हते. त्याच केंद्राच्या अंदाजानुसार २०१० पासून त्या देशात साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा रोग झालेला असू शकतो. २०२४ मध्ये तेथील एका गृहस्थाचा बीफ बर्गर खाल्ल्यानंतर काही तासांनी मृत्यू झाला. काही दिवसांपूर्वी बीफ खाल्ल्यावर रात्री त्यांना असाच तीव्र त्रास झाला होता; तो कोणत्याही केसपेपरवर नोंदला गेला नव्हता. मृत्यूचे कारणदेखील नंतर रक्ततपासणीतून उलगडले.

आता गवताचा प्रश्न. गुरांना गवतावर पोसले तर मांसातील चरबी बहुधा कमी होते आणि तिचे स्वरूपही काहीसे बदलते, हे खरे. परंतु अल्ब्युमिन आणि अल्फा-गॅल हे त्या प्राण्याच्या शरीराचेच घटक आहेत; चारा बदलल्याने ते नाहीसे होत नाहीत. अल्फा-गॅल नसलेले मांस मिळविण्यासाठी डुकराच्या जनुकातच बदल करावा लागला आणि अशा डुकरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. वेष्टनावरील 'नैसर्गिक' हा शब्द अ‍ॅलर्जीविरुद्धची हमी नव्हे.

आपल्यापैकी जे शाकाहारी आहेत त्यांनी हा विषय परका मानू नये. अल्फा-गॅलच्या काही रुग्णांना दूध, लोणी, साय यांचाही त्रास होतो. कॅप्सूलची टरफले बहुतांशी जिलेटिनची असतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन बहुधा डुकराच्या आतड्यांपासून मिळते. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा गाईच्या वा डुकराच्या ऊतींपासून बनविलेल्या असतात. बहुसंख्य रुग्णांना यांपासून अपाय होत नाही. म्हणून भीतीपोटी कोणीही आपले औषध परस्पर बंद करू नये. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना ही माहिती असणे अगत्याचे आहे.

गोचीड आपल्याकडेही आहे. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पसरलेला माकडताप गोचिडीमार्फतच येतो. तो विषाणूचा रोग आहे आणि मांसाच्या अ‍ॅलर्जीशी त्याचा संबंध नाही. तथापि रानातून आल्यावर अंग तपासावे, कपडे बदलावेत, ही खबरदारी दोहोंसाठी एकच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परदेशातून सुट्टीवर आलेला तरुण रात्री अचानक आजारी पडतो. डॉक्टर विचारतात, "काल काय खाल्ले?" शेजारी आई, काका, सासरे उभे असतात. अशा वेळी "साधेच जेवलो" हे उत्तर येणे स्वाभाविक आहे. आपल्या समाजात आहार हा धर्माचा, जातीचा, घराच्या शिस्तीचा विषय आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसाबाबत कायद्याचेही कडक निर्बंध आहेत. ज्याला जे पवित्र वाटते त्याचा आम्ही आदरच करतो. मात्र केसपेपर हे आरोपपत्र नव्हे. आम्ही विचारतो ते उपचार करता यावेत म्हणून, न्यायनिवाडा करण्यासाठी नव्हे. रुग्णाने संकोचापोटी दडविलेला एक घास त्याच्याच जीवावर उठू शकतो.

म्हणून येत्या वर्षापासून आपल्या केसपेपरवर 'अ‍ॅलर्जी असल्यास' या रकान्याऐवजी चार प्रश्न छापले जातील: काय खाल्ले? किती वाजता? त्रास किती वाजता सुरू झाला? पूर्वी असे घडले होते काय? प्रौढ रुग्णाला हे प्रश्न नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून विचारले जातील. कृपया त्यात अविश्वास मानू नये. खरी अ‍ॅलर्जी आढळल्यास ती केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने नोंदली जाईल, आणि तीच नोंद औषधालयात व स्वयंपाकघरातही पोहोचेल. प्रत्येक कक्षात अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी असावे आणि ते केव्हा द्यावे याचे शिक्षण रात्रपाळीच्या परिचारिकांनाही मिळावे, अशी योजना आहे.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे की, नवीन यंत्राच्या खरेदीसाठी आपण जसा सढळ हात देता, तसाच तो या प्रशिक्षणालाही द्यावा. त्यावर नावाची पाटी लावता येणार नाही. परंतु पहाटे तीन वाजता परिचारिकेने योग्य प्रश्न विचारला आणि त्याला खरे उत्तर मिळाले, तर त्या घरी आपल्या देणगीची पावती पोहोचली असे मी समजेन.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगणे आहे की आपल्या माणसाला काय सोसत नाही, हे आमच्या आधी आपल्याला ठाऊक असते. ते निःसंकोचपणे सांगा. तो रकाना आपण आणि आम्ही मिळून भरावयाचा आहे.